उडी वाढली म्हणे, पण मोजलं काय?

मागची पोस्ट टाकून तीन महिने झाले. कारण नेहमीचंच, प्रगती अहवाल. तो एकदाचा सादर झाला, गाईडनी सही केली, आणि मी दिवाळीला चार दिवस मावशीकडे गेले. ही पोस्ट तिथेच सुरू झाली.

मावशीचा मुलगा नववीत आहे. उंच, काटकुळा, दिवसभर व्हॉलीबॉल. तो जिना उतरताना मी पाहिलं तर पठ्ठ्या कठडा धरून आडवा उतरत होता, एकेक पायरी, म्हातारे उतरतात तसा. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं ताई, प्रोग्राम चालू आहे ना, त्याने थोडं दुखतं." कसला प्रोग्राम? त्याने मोबाईल पुढे केला. शाळेच्या ग्रुपवर आलेली एक पीडीएफ होती. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. दोरीवरच्या उड्या, बॉक्सवर उड्या, एका पायावर लंगडी आणि शेवटी 'डेप्थ जंप', म्हणजे उंच ठोकळ्यावरून खाली उडी टाकायची आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर उसळायचं. उंची पहिल्या आठवड्यात ४० सेंमी, शेवटच्या आठवड्यात ७५. वर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'संशोधनाने सिद्ध'.

कुठल्या संशोधनाने, ते लिहिलेलं नव्हतं.

आता माझा पीएचडीचा विषय उडी मारून खाली येताना गुडघ्यावर पडणारा भार हाच आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रात केलं आणि मग जैवयांत्रिकीत घुसले, त्यामुळे घरच्यांना मी नक्की काय करते हे आजही कळत नाही. पण मावशीने मात्र बरोबर ओळखलं. "तू त्याच उड्यांवर अभ्यास करतेस ना? मग सांग की, हे बरोबर आहे का?" मी दोन मिनिटांत उत्तर देईन असं तिला वाटलं. मलाही वाटलं होतं.

मग मी असले निबंध काढून बसले. 'व्हॉलीबॉल खेळाडूंच्या निवडक शारीरिक घटकांवर प्लायोमेट्रिक प्रशिक्षणाचा परिणाम' अशा धाटणीच्या शीर्षकांचे प्रबंध शोधगंगेवर ढिगाने सापडतात, परदेशी जर्नलांतही याच साच्याचे लेख येत असतात. साचा असा: वीस-तीस मुलं घ्या, १४ ते १७ वयाची. निम्मी 'प्रायोगिक गट', निम्मी 'नियंत्रित गट'. पहिल्या गटाला आठ किंवा बारा आठवडे उड्या मारायला लावा. दुसऱ्याला काही करू नका, किंवा नेहमीचा सराव चालू ठेवा. आधी आणि नंतर उभी उडी मोजा, सोबत ३० मीटर धाव, चपळाई, लवचिकता वगैरे. टी-टेस्ट लावा. पी ०.०५ पेक्षा कमी. निष्कर्ष: प्रशिक्षण परिणामकारक आहे, प्रशिक्षकांनी ते वापरावं.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कॉमेंटमध्ये भांडण होईल. प्लायोमेट्रिक्सने उडी वाढते हे खोटं नाही. मुलांवरच्या असंख्य छोट्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली तरी परिणाम दिसतो. त्यामागची यंत्रणाही पटण्यासारखी आहे. स्नायू आणि कंडरा आधी झपकन ताणले गेले आणि लगेच आकसले तर नुसत्या आकसण्यापेक्षा जास्त जोर मिळतो. उडी मारण्याआधी आपण नकळत थोडं खाली बसतो ते यासाठीच. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात यावरून 'शॉक पद्धत' बसवली, डेप्थ जंप त्यातलीच. पुढे १९७५ मध्ये अमेरिकन प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी प्लायोमेट्रिक्स हा शब्द रूढ केला. फक्त एवढं लक्षात ठेवा की वर्खोशान्स्कींची पद्धत आधीच वर्षानुवर्षं ताकद कमावलेल्या ॲथलीटांसाठी होती. मुरमाच्या मैदानावर कॅनव्हासचे बूट घालून खेळणाऱ्या नववीच्या पोरांसाठी नव्हती.

तर माझा आक्षेप उडी वाढत नाही असा नाहीच. हे निबंध जे मोजायला सोपं आहे ते मोजतात, आणि ज्याने मुलाचं बरंवाईट ठरणार ते मोजतच नाहीत, हा आहे.

आधी सोपं म्हणतात ते तरी किती सोपं आहे बघू.

जुनी पद्धत भिंतीवरची. डडली सार्जंट या अमेरिकन शिक्षकाने १९२१ मध्ये ती लिहून काढली म्हणून तिला सार्जंट जंप म्हणतात. बोटाला खडू लावायचा, भिंतीला खेटून उभं राहून हात वर करून खूण करायची, मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांतलं अंतर म्हणजे उडी. यात गोम पहिल्या खुणेत आहे. उभं असताना खांदा ताणून हात पूर्ण वर नेला की खूण दोनतीन सेंमी सहज वर जाते. आता समजा, पहिल्या दिवशी शिक्षकांनी ओरडून ओरडून मुलांना हात ताणायला लावला, आणि आठ आठवड्यांनी सगळे कंटाळलेले असताना पोरांनी हात ढिला ठेवला. झाली की उडीत 'वाढ'. पाय तेवढेच उसळले, पण कागदावर तीन सेंमी जमा.

नवी पद्धत मोबाईलची. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्या वेळेचा वर्ग करून त्याला गुरुत्वत्वरणाने गुणलं आणि ८ ने भागलं की उंची मिळते. बारावीचं गणित आहे, करून बघा. ४० सेंमीच्या उडीला साधारण ०.५७ सेकंद लागतात. आता साधा मोबाईल व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. म्हणजे पाय नक्की कोणत्या क्षणी टेकला यात एका फ्रेमची चूक झाली, तर वेळेत ३३ मिलिसेकंदांची चूक आणि उंचीत जवळजवळ पावणेपाच सेंमीची. स्लो मोशनला २४० फ्रेम मिळतात तेव्हा तीच चूक अर्ध्या सेंमीच्या आसपास येते. त्यामुळे निबंधात 'उडी चार सेंमीने वाढली' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाने मोजली? बऱ्याचदा उत्तर अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. शिवाय खाली येताना गुडघे पोटाशी घेतले तर पाय उशिरा टेकतात आणि उडी फुकटात मोठी दिसते. पोरं हे दोन दिवसांत शिकतात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग येतं वय. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या वर्षी. पण हे सरासरीचं झालं. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक वयात दोनतीन वर्षांचा फरक असू शकतो, हे कुठल्याही आठवीच्या वर्गाच्या दारात उभं राहिलं की दिसतं. एकाला मिशी फुटलेली असते, दुसरा अजून सहावीतला वाटतो. व्हॉलीबॉलच्या संघात निवड कुणाची होते? मिशीवाल्याची. वाढीच्या ऐन भरात उंची, स्नायू, उडी सगळं आपोआप वाढत असतं. बारा आठवडे त्या मुलाला नुसतं कॅरम खेळायला बसवलं तरी काही मुलांची उडी थोडी वाढलेली सापडेल.

यावर उपाय म्हणून तर नियंत्रित गट असतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण तो चिठ्ठ्या टाकून पाडला तर. एका शाळेचा संघ प्रायोगिक, शेजारच्या शाळेचा नियंत्रित, असं केलं की दोन्हींत वाढीचे टप्पे सारखे असतीलच याची हमी नाही. निदान टप्पा मोजून तरी बघावा. २००२ मध्ये मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी वय, वजन, उभी उंची, बसलेली उंची आणि पायाची लांबी यांवरून मूल वाढीच्या शिखरापासून किती दूर आहे याचा अंदाज बांधायचं सूत्र दिलं. त्यालाही मर्यादा आहेत, पण मोजपट्टी, वजनकाटा आणि एक स्टूल एवढंच सामान लागतं. तरीही मी वाचलेल्या बहुतेक निबंधांत 'वय १४ ते १७' एवढंच लिहून पुढे गेलेत. चौदाचा आणि सतराचा एकाच पिशवीत!

आणि नियंत्रित गट करतो काय? 'काहीही नाही.' म्हणजे तुलना एका प्रशिक्षणाची दुसऱ्या प्रशिक्षणाशी नसते. आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी मनापासून लक्ष घालतंय अशी पंधरा मुलं एका बाजूला, आणि ज्यांच्याकडे कुणी बघतही नाही अशी पंधरा दुसऱ्या बाजूला. पहिली जिंकली यात नवल ते काय.

संख्याशास्त्राबद्दल एकच सांगते, कारण यावर पूर्वी एक अख्खी पोस्ट लिहून झालीय. सहा वेगवेगळ्या चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकीला ०.०५ ची मर्यादा ठेवली, तर प्रशिक्षणाचा काडीचाही परिणाम नसताना निदान एक चाचणी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांच्या वर जाते. निष्कर्षात मग तीच एक मिरवते.

आता हे सगळं वाचून वाटेल की बाई नुसती दुसऱ्यांवर तुटून पडलीय. तर कबुली देऊन टाकते. माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात मुख्य मोजमाप उभी उडीच होतं. आणि कालावधी आठ आठवडे. आठच का? कारण दिवाळीची सुट्टी संपल्यापासून शाळेच्या परीक्षांची गडबड सुरू होईपर्यंत तेवढेच सलग मिळतात. स्नायूंना, कंडरांना किंवा हाडांना आठ आठवड्यांशी काही देणंघेणं नाही. शाळेच्या वेळापत्रकाला आहे, आणि फेलोशिपच्या मुदतीला आहे. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "आठ आठवड्यांनंतर त्या मुलांचं काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडले होते, हेही सांगते.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा जरा नीट प्रयत्न नॉर्वेत झालाय, म्हणून तिकडे जाऊ.

तिथे व्हॉलीबॉलचं खास शिक्षण देणारी एक निवासी शाळा आहे. १६ ते १८ वयाची, देशातली निवडक मुलंमुली तिथे राहतात, शिकतात, खेळतात. होवार्ड विस्नेस आणि रोआल्ड बार या संशोधकांनी शाळेत येताना गुडघे ठणठणीत असलेल्या मुलांचा पुढे काही वर्षं माग ठेवला. पाहायचं होतं 'जंपर्स नी' कुणाला होतो. गुडघ्याच्या वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जी कंडरा आहे, ती वारंवारच्या ताणाने दुखरी होते, त्याला हे नाव. मोठ्यांच्या व्हॉलीबॉलमध्ये हे किती पसरलंय याचा अंदाज २००५ च्या एका नॉर्वेजियन पाहणीतून येतो. अव्वल दर्जाच्या पुरुष व्हॉलीबॉलपटूंपैकी जवळपास ४५ टक्के जणांना पाहणीच्या वेळी हा त्रास होता. पाहिलेल्या खेळांत सर्वांत जास्त.

शाळेतल्या मुलांबद्दल २०१३ मध्ये जे छापून आलं त्यात दोन आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आठवड्याला व्हॉलीबॉलचा सराव एका तासाने वाढला की दुखणं होण्याची शक्यता, म्हणजे काटेकोर बोलायचं तर शक्यतेचं गुणोत्तर, १.७२ पट. आणि आठवड्याला सामन्याचा एक सेट वाढला की ३.८८ पट. मुलींपेक्षा मुलांना धोका कितीतरी जास्त. दुखणं झालेल्यांची एकूण संख्या लहान असल्यामुळे या आकड्यांच्या दोन्ही बाजूंना भरपूर अनिश्चितता आहे, तेव्हा ३.८८ हा दगडावरचा आकडा समजू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखाच्या शीर्षकातच 'विरोधाभास' असा शब्द आहे. पाच वर्षांचा अभ्यास. पुढे ज्यांना जंपर्स नी झाला, ती मुलं शाळेत दाखल होतानाच इतरांपेक्षा चांगली उडी मारणारी होती.

इथे मी खुर्चीत मागे टेकून बसले होते.

म्हणजे बघा. एका बाजूला शेकडो निबंध 'उडी वाढली' हेच यश मानून थांबतात. दुसऱ्या बाजूला, मुलांच्या मागे वर्षानुवर्षं लागणारा हा अभ्यास सांगतो की जास्त उडी ही धोक्याच्या यादीतली एक नोंद आहे. उडी वाढवली म्हणून गुडघा दुखतो, असं यातून सिद्ध होत नाही. जो छान उडतो त्यालाच प्रशिक्षक जास्त खेळवतात, त्यालाच पास जास्त मिळतात, जास्त उडणारा खाली येतानाही जास्त आदळतो, अशी अनेक कारणं गुंतलेली असू शकतात. पण आठ आठवड्यांनी उडी मोजून, टाळ्या वाजवून निघून गेलेल्या संशोधकाला यातलं काहीच दिसणार नाही. त्याने गुडघ्याबद्दल विचारलेलंच नाही. दुखण्यामुळे मधेच सोडून गेलेली पोरं तक्त्यातून गळतात, आणि 'उपस्थिती अनियमित असल्याने वगळले' असं एक वाक्य उरतं.

'जास्त आदळतो' याचा हिशेब माझ्या विषयाचा, तो केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ४० सेंमीवरून खाली आलं तर टेकताना वेग सेकंदाला २.८ मीटर, ७५ सेंमीवरून ३.८. फार फरक वाटत नाही ना? पण पायांना जिरवावी लागते ती ऊर्जा, आणि ती उंचीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट. ती किती अंतरात जिरवता यावर सगळं अवलंबून. ४० सेंमीवरून येऊन घोटे, गुडघे, खुबे वाकवत शरीर ३० सेंमीत थांबवलं तर सरासरी बल वजनाच्या सव्वादोन पटींच्या थोडं वर जातं. तेच १० सेंमीत थांबवलं तर पाच पट. ७५ सेंमीवरून १० सेंमीत थांबवलं तर साडेआठ पट. ही सरासरी झाली, क्षणिक कमाल याहून वर. आणि डेप्थ जंपची सूचनाच मुळी अशी असते की खोल बसू नका, टेकताक्षणी उसळा.

पंधरा वर्षांच्या मुलात तर आणखी एक भानगड. वाटीखालची कंडरा नडगीच्या हाडाला जिथे चिकटते तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, तिथे वाढीचं कूर्चेसारखं मऊ केंद्र असतं. कंडरा ते सतत ओढत राहिली की तिथे सूज येते, टेंगूळ उठतं. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी हे वेगवेगळं वर्णन केलं, त्यांचीच नावं त्या दुखण्याला चिकटली. मावसभावाच्या गुडघ्याखाली मी बोट ठेवलं तेव्हा ते टेंगूळ लागलं, आणि तो "आई गं" म्हणून मागे सरकला. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं. घाबरण्यासारखं काही नाही, वाढ थांबली की बहुतेकांचं बरं होतं, तोवर उड्या कमी करा, असं म्हणाले. कमी म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगणार तरी कसे? आधी किती चालल्यात ते कुणाला माहीत होतं?

नॉर्वेतल्याच त्या शाळेत हेही मोजलंय. २०१४ मध्ये एक लेख आला, त्यात सराव आणि सामन्यांचे व्हिडिओ बघून संशोधकांनी एकेक उडी मोजली. एकूण ११,९४३. कुणीतरी बसून ११,९४३ उड्या मोजल्या, या गोष्टीचं मला अजून कौतुक वाटतं. हाती काय लागलं? मुलं मुलींपेक्षा जास्त उडतात, आणि एकाच संघात, एकाच सरावात, एका खेळाडूच्या आणि दुसऱ्याच्या उड्यांत प्रचंड तफावत असते. म्हणजे 'संघाचा प्रोग्राम' ही मुळात कागदावरची गोष्ट. लिबेरो दिवसभर जमिनीलगत, मधला ब्लॉकर दर चेंडूला हवेत, आणि त्या दोघांना वर ठोकळ्यावरून सारख्याच साठ उड्या.

जाता जाता एक वेगळं उदाहरण देते, म्हणजे 'काय मोजलं' याने निष्कर्ष कसा फिरतो ते दिसेल. ऑस्ट्रेलियात टिम गॅबेट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सरासरी साडेपंधरा वर्षांच्या २६ होतकरू खेळाडूंना आठ आठवडे फक्त कौशल्यावर भर देणारा सराव दिला. स्मॅश, सेट आणि पास यांची अचूकता आणि स्मॅश व पास यांचं तंत्र सुधारलं. वेग आणि चपळाई सोडली तर शारीरिक क्षमतेत फारसा बदल नाही. आपल्या साच्यातल्या निबंधाने ह्याच मुलांची नुसती उडी मोजली असती तर लिहिलं असतं: प्रशिक्षण निष्फळ. आणि मुलं तर आधीपेक्षा चांगलं व्हॉलीबॉल खेळत होती! दोन वर्षांनी गॅबेटनीच दुसरी तुलना केली, छोट्या खेळांतून सराव विरुद्ध तंत्र समजावून सराव, बारा आठवडे. खेळवाल्यांची शारीरिक क्षमता जास्त सुधारली, तंत्रवाल्यांचं कौशल्य. कोणती पद्धत चांगली? तुम्हाला काय हवंय त्यावर. हे ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण उरलेली जिल्हास्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली असताना सरांना नेमकं हेच ठरवायचं असतं.

सरांबद्दल लिहायलाच हवं. मी तावातावाने मैदानावर गेले होते. फक्कीने आखलेलं कोर्ट, एका खांबाला दोर बांधून ताणलेलं नेट. सर मूळचे भूगोलाचे, व्हॉलीबॉल हौसेने शिकवतात, नेट त्यांनी पदरच्या पैशाने आणलेलं. मी पीडीएफबद्दल विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात पूर्वी सगळं शूटिंग चालायचं. स्मॅशिंग आता आलं. मी स्वतः शूटिंग खेळलेला माणूस, मला हे उड्यांचं काय कळतं? वर संशोधन लिहिलं होतं म्हणून विश्वास ठेवला. हे लिहिणारे तुमच्यासारखेच ना?"

यावर मी काय बोलणार. ह्या पोरांसाठी खेळ म्हणजे दहावीचे क्रीडागुण आहेत, पुढे भरतीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. उडी चार सेंमीने वाढेल असं कुणी शिक्का मारून सांगितलं तर आईबापही ठोकळा सुताराकडून करून आणतील. मावशीनेच आणला होता.

मी सरांना विचारलं, एका संध्याकाळी एक पोरगा किती उड्या मारत असेल? ते म्हणाले, "साठ-सत्तर."

उड्या बंद असल्याने मावसभाऊ नुसताच बसून होता. त्याला वही दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून एका मधल्या ब्लॉकरवर नजर ठेवली, पाच ते सात. स्मॅशच्या रांगेत ८४. ब्लॉकच्या ४१. जंप सर्व्हिसच्या १२, त्यातल्या नऊ नेटमध्ये. आणि शेवटी पीडीएफमधल्या ६०. एकूण १९७. सरांनी वही हातात घेतली, पानावरच्या रेघा पुन्हा एकदा स्वतः मोजल्या. मग काही न बोलता दोन पोरांना हाक मारली आणि ठोकळा उचलून खोलीत ठेवायला सांगितला. जाताना म्हणाले, "उद्या त्या डावखुऱ्याचं मोजा. त्याचंही दुखतं, बोलत नाही तो."

मी परत आले. वही मात्र चालू आहे. आता रोज दोन खेळाडूंची नोंद होते, शेजारच्या रकान्यात 'आज किती दुखलं, शून्य ते दहा'. हे संशोधन नाही, नियंत्रित गट नाही, चिठ्ठ्या नाहीत, छापायला कुणी घेणार नाही. काल रात्री मावसभावाने पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "ताई, ब्लॉकला नुसते हात वर केले, टाच उचलली पण पाय सुटले नाहीत, तर उडी धरायची का?"

मी लिहिलं, नाही. मग अर्धा तास विचार करत बसले, आणि परत मेसेज केला की वेगळा रकाना कर.